इंग्रजीतली भाववाचक नामं: 'हात लावता येत नाही' एवढ्यावर भागत नाही, मग शिकवायचं कसं? (प्रश्न आणि त्यावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पूर्वभाग

आठवी ते दहावीची मुलं आहेत, काही मराठी माध्यमाची, काही सेमीची. सोलापूरच्या पूर्व भागातला वर्ग म्हणजे घरी कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, कुणी उर्दू, आणि शाळेत मराठी. ॲब्स्ट्रॅक्ट नाउनची, म्हणजे भाववाचक नामाची, व्याख्या सगळ्यांना पाठ आहे: जे दिसत नाही, ज्याला हात लावता येत नाही ते. आणि नेमकी तीच व्याख्या गोंधळ करते. चार ठिकाणी गाडी अडते.

पहिलं, ओळखणं. 'एअर' दिसत नाही म्हणून ती ॲब्स्ट्रॅक्ट लिहितात. 'लाफ्टर' ऐकू येतं म्हणून काँक्रीट, म्हणजे वस्तूचं नाम. 'हीट'वर तर वर्गात भांडण झालं. मे महिन्यात सोलापुरात बसून हीट जाणवत नाही असं कुणाला पटवणार?

दुसरं, शब्द तयार करणं. सगळ्याला 'नेस' लावतात: ऑनेस्टनेस, प्राउडनेस, ब्यूटिफुलनेस, अँग्रीनेस.

तिसरं, 'ॲडव्हायसेस', 'इन्फॉर्मेशन्स' आणि 'द ऑनेस्टी इज द बेस्ट पॉलिसी'.

चौथं, 'नाउन फॉर्म वापरून वाक्य पुन्हा लिहा'. शब्द बरोबर येतो आणि वाक्य मोडतं. 'ही इज प्राउड ऑफ हिज सिटी'चं 'हिज प्राइड ऑफ हिज सिटी' करतात.

क्रम काय ठेवावा, आणि शब्द किती पाठ करून घ्यावेत? याद्या पुष्कळ मिळतात, दोनशे-दोनशे शब्दांच्या. त्या नको आहेत.

कंबरतलाव

पहिल्या अडचणीपुरतं लिहितो.

'दिसत नाही, हात लागत नाही' ही व्याख्या नाहीच, ती खूण आहे, आणि कच्ची खूण आहे. 'ॲब्स्ट्रॅक्ट' हा शब्द लॅटिनमधला, मूळ अर्थ 'ओढून वेगळं काढलेलं'. ट्रॅक्टर, अट्रॅक्ट, एक्स्ट्रॅक्ट यांच्यातला 'ट्रॅक्ट' तोच, ओढणं. म्हणजे वस्तूतून किंवा माणसातून त्याचा गुण, त्याची क्रिया किंवा त्याची अवस्था मनानं ओढून बाजूला काढायची आणि तिला स्वतंत्र नाव द्यायचं. ते नाव म्हणजे ॲब्स्ट्रॅक्ट नाउन.

वर्गात एक सोलापुरी चादर ठेवा. 'धिस चादर इज सॉफ्ट, थिक, वॉर्म अँड ड्युरेबल.' आता चादर बाजूला करा आणि फक्त गुण उरवा: सॉफ्टनेस, थिकनेस, वॉर्म्थ, ड्युरेबिलिटी. चादर घडी घालून कपाटात जाते, 'सॉफ्टनेस' एकटा कपाटात ठेवता येत नाही. मुलांना इथे पटकन उजेड पडतो. शिवाय एकाच वस्तूतून तीन वेगळे प्रत्यय निघाले, तो पुढच्या धड्याचा धागा.

मराठी व्याकरणात यासाठी नेमके शब्द आहेत आणि आपण ते वापरत नाही याचं नवल वाटतं. सामान्यनाम आणि विशेषनाम ही धर्मिवाचक, भाववाचक नाम हे धर्मवाचक. धर्म म्हणजे गुणधर्म, आणि तो ज्याच्या अंगी असतो तो धर्मी. यातूनच चाचणी निघते. शब्दाला विचारा: 'कुणाचा? कशाचा?' काइंडनेस, कुणाचा? आईचा. डेप्थ, कशाची? तलावाची. अरायव्हल, कुणाचं? पाहुण्यांचं. मालक सांगितल्याशिवाय अर्थ अधांतरी राहतो. हवेला मात्र मालक लागत नाही. ती स्वतःच धर्मी आहे, पदार्थ आहे, मटेरियल नाउन आहे. दिसत नाही हा तिचा दोष नव्हे.

लाफ्टर ही 'लाफ' या क्रियेचं नाव, कुणाचं तरी लाफ्टर असतं, म्हणून भाववाचक. आवाज कानाला येतो याचा इथे संबंध नाही. हीट हा 'हॉट'चा गुण ओढून काढलेला शब्द आहे, 'द हीट ऑफ द समर', म्हणून शाळेच्या व्याकरणात तो भाववाचकात जातो. मुलगा म्हणाला की विज्ञानात तर हीट मोजतात, तर त्याला सांगा, लांबीसुद्धा मोजतात, तरी 'लेंग्थ' भाववाचकच.

साउंड, लाइट, स्मेल यांवर वेळ घालवू नका. दोन पुस्तकं दोन बाजूंना टाकतात, आणि शहाणा प्रश्नकर्ता ते विचारत नाही.

एक मात्र घट्ट धरा. सुटा शब्द देऊन 'हे कोणतं नाम?' विचारूच नये, वाक्य द्यावं. 'इन हिज यूथ' मधलं यूथ म्हणजे तारुण्य, 'अ यूथ वॉज वेटिंग ॲट द गेट' मधला यूथ म्हणजे हाडामांसाचा तरुण. 'वुई वाँट जस्टिस' आणि न्यायमूर्तींच्या नावाआधी लावतो ते 'जस्टिस' वेगळे. शेपूट बघून फसणारेही आहेत: विटनेस हा साक्षीदार, युनिव्हर्सिटी ही संस्था, अपार्टमेंट ही जागा, किंगडम हा बहुतेक वेळा मुलूख.

शेंगाचटणी

वरचं सगळं पटलं, पण एक सांगून ठेवते. भाववाचक की पदार्थवाचक या भेदानं इंग्रजी वाक्याचं काही हलत नाही. आर्टिकल लागणार की नाही, क्रियापद एकवचनी की अनेकवचनी, हे ठरतं मोजता येतं की नाही यावर. म्हणून ओळखण्याला एक तास पुष्कळ झाला. परीक्षेत एखादा गुण त्यावर असेलही, पण रोजच्या चुका तिथल्या नाहीत.

आता 'नेस'बद्दल. मुलं सगळ्याला 'नेस' लावतात यात त्यांचा फारसा दोष नाही. तो खरोखरच सगळ्यात मोकळा प्रत्यय आहे, आपल्या 'पणा'सारखा. मराठीत कुठल्याही विशेषणाला 'पणा' लावून चालवून नेता येतं. पण माणूसला 'की' लागतो आणि मानवला 'ता'. माणुसकी, मानवता. 'माणूसता' म्हटलं की कान टवकारतो ना? कारण 'ता', 'त्व', 'य' हे संस्कृत शब्दांचे सोबती आणि 'पण', 'की', 'वा' हे घरचे. इंग्रजीत अशाच दोन भावकी आहेत. नेस, हूड, शिप, डम, थ हे जुन्या इंग्रजीचे. इटी, मेंट, शन, अन्स हे लॅटिन-फ्रेंचकडून आलेले. 'नेस' कधी कधी पलीकडच्या शब्दालाही चालतो (सीरियसनेस, नर्व्हसनेस), पण 'इटी' सहसा अलीकडच्याला चालत नाही. 'काइंडिटी' कुणी म्हणत नाही.

मुलांना हा इतिहास सांगायची गरज नाही. शब्दाचं शेवट बघायला शिकवा, त्यातच निम्मं काम होतं.

सगळ्यात आधी एकच प्रश्न: विशेषणाच्या पोटात नाम आधीच बसलंय का? ब्यूटिफुलच्या पोटात ब्यूटी आहे, केअरफुलच्या पोटात केअर. अँग्रीत अँगर, हंग्रीत हंगर, हेल्दीत हेल्थ, डेंजरसमध्ये डेंजर, करेजसमध्ये करेज, फेमसमध्ये फेम. नामाला प्रत्यय लावून विशेषण केलेलं असतं आणि मुलं त्याच्यावर 'नेस' चढवून पुन्हा नाम करतात. म्हणजे घरातून निघून स्टेशनला वळसा घालून परत घरी. ब्यूटिफुलनेस, अँग्रीनेस हे सगळे याच वळशाचे.

पोटात नाम नसेल तर शेवट बघा. एबल किंवा इबल असेल तर डोळे मिटून बिलिटी: एबलचं ॲबिलिटी, रिस्पॉन्सिबलचं रिस्पॉन्सिबिलिटी, पॉसिबलचं पॉसिबिलिटी. अंट आणि एंट असेल तर सहसा टी जाऊन सी आणि ई येतात: इम्पॉर्टन्स, पेशन्स, सायलेन्स, ओबीडियन्स. इथे स्पेलिंगची सोयही आहे, विशेषणात ए असेल तर नामात ए, ई असेल तर ई. एटनं संपणारं असेल तर बऱ्याचदा सी आणि वाय: ॲक्युरेटचं ॲक्युरसी, प्रायव्हेटचं प्रायव्हसी. लेस, इश, किंवा एल-वायनं संपणारं असेल तर निर्धास्त नेस: केअरलेसनेस, फुलिशनेस, फ्रेंडलिनेस. नेस लावताना शेवटचा वाय आय होतो, हॅपिनेस, लेझिनेस, लोन्लिनेस. 'अस'नं (ओ-यू-एस) संपणारे मात्र भरवशाचे नाहीत: सीरियसनेस पण क्युरिऑसिटी, नर्व्हसनेस पण जनरॉसिटी. क्युरिऑसिटी आणि जनरॉसिटीत विशेषणातला यू गळतो, स्पेलिंगचा गुण तिथेच जातो.

उरले ते हट्टी शब्द, त्यांना नियम नाही. लाँग-लेंग्थ, स्ट्राँग-स्ट्रेंग्थ, वाइड-विड्थ, डीप-डेप्थ, प्राउड-प्राइड, हॉट-हीट. इथे आतला स्वर हलतो. मराठीत सुंदरचं सौंदर्य, शूरचं शौर्य, उदारचं औदार्य होतं तसंच. कारणं दोन्हीकडची निराळी आहेत, पण 'शेपटी लागली की पोटही बदलतं' ही सवय मुलांना आधीच असते, ती वापरा. हाइट फसवा आहे: लेंग्थ, विड्थ बघून मुलं त्याच्याही शेवटी थ लावतात, स्पेलिंग जी-एच-टीनं संपतं. स्ट्रेंग्थमधला जी बोलताना पुसट होतो आणि लिहिताना हरवतो. क्रुएलचं क्रुएल्टी, मध्ये आय नाही. ऑनेस्टी, पॉव्हर्टी, विज्डम, ट्रुथ, यूथ, फ्रीडम हे सरळ पाठ.

'पुअरनेस' चूकच असं मात्र शिकवू नका. शब्द आहे, पण तो दर्जा खराब असण्याबद्दल वापरतात. पैशाच्या गरिबीला पॉव्हर्टी.

सातरस्ता

शेंगाचटणीताईंनी विशेषणांचं सांगितलं, क्रियापदांचं राहिलं. तिथे शेवटाचे गट आणखी पक्के आहेत.

मिटनं संपलं की मिशन: ॲडमिट, परमिट, सबमिट. सीव्हनं संपलं की सेप्शन: रिसीव्ह, परसीव्ह, डिसीव्ह. स्क्राइबचं स्क्रिप्शन: डिस्क्राइब, प्रिस्क्राइब. डी-ईनं संपलं की सहसा एस वाला शन: डिसाइड-डिसिजन, डिव्हाइड-डिव्हिजन, इन्व्हेड-इन्व्हेजन. नुसत्या डीनं संपणाऱ्यांत मात्र फूट आहे: एक्स्पांड आणि एक्स्टेंड एसकडे जातात, इन्टेंड आणि अटेंड टीकडे. व्हीचा एफ होणारे चार शब्द एका ओळीत लिहा: बिलिव्ह-बिलीफ, रिलीव्ह-रिलीफ, प्रूव्ह-प्रूफ, लिव्ह-लाइफ.

स्पेलिंगचे सापळे चारच, पण दरवर्षी त्यातच पाय अडकतो. एक्स्प्लेनच्या एक्स्प्लनेशनमध्ये आय गळतो. प्रोनाउन्सच्या प्रनन्सिएशनमध्ये ओ गळतो, आणि मुलं 'प्रोनाउन्सिएशन' असं वाचतात म्हणून तसंच लिहितात. आर्ग्यूच्या आर्ग्युमेंटमध्ये ई गळते. डेव्हलपच्या डेव्हलपमेंटमध्ये पीनंतर ई मुळात नाही, ती मुलं घालतात. जजमेंट दोन्ही रीतीनं चालतं, जीनंतर ई ठेवून किंवा न ठेवता. मात्र एका उत्तरपत्रिकेत एकच ठेवायला सांगा.

ॲडव्हाइस आणि ॲडव्हाइझ: सी वालं नाम, एस वालं क्रियापद. उच्चारातही फरक आहे, नामाच्या शेवटी 'स', क्रियापदाच्या शेवटी 'झ'. वर्गात मोठ्यानं म्हणवून घेतलं तर लिहिताना चूक कमी होते. प्रॅक्टिसचा उच्चार मात्र दोन्हीकडे एकच, तिथे कान कामाचा नाही.

आता तिसरी अडचण, अनेकवचन. चूक का होते ते आधी पाहा. मराठीत आपण सल्ले देतो, पुरावे गोळा करतो, बातम्या ऐकतो. मुलगा ते जसंच्या तसं उचलतो आणि ॲडव्हायसेस, एव्हिडन्सेस लिहितो. इथे मराठी घात करते, म्हणून हे तीन शब्द पाठच करावे लागतात: ॲडव्हाइस, एव्हिडन्स, न्यूज. होमवर्क त्यांच्याच पंगतीला बसवा. एक सल्ला म्हणायचं तर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस', तीन सल्ले 'थ्री पीसेस ऑफ ॲडव्हाइस'. न्यूजच्या शेवटी एस असला तरी 'द न्यूज इज'.

पण काही ठिकाणी मराठी मदतीलाच येते. 'माहित्या' म्हणता का? 'प्रगत्या'? 'ज्ञानं'? नाही ना, मग इन्फॉर्मेशन्स, प्रोग्रेसेस, नॉलेजेस कुठून आले? एवढं विचारलं की मुलं स्वतःच हसतात.

फर्निचर आणि लगेज यांचंही अनेकवचन होत नाही, म्हणून काही मुलं त्यांना ॲब्स्ट्रॅक्ट ठरवतात. हा उलटा घोटाळा. खुर्चीला हात लागतो की ओ! न मोजता येणारं ते सगळं भाववाचक नव्हे, आणि भाववाचक ते सगळं न मोजता येणारं नव्हे. आयडिया, डिसिजन, मिस्टेक, होप, फिअर यांची अनेकवचनं खुशाल होतात. एक्स्पीरियन्स दोन्हीकडे: 'टेन यिअर्स ऑफ एक्स्पीरियन्स' म्हणजे कामाचा अनुभव, मोजायचा नाही, 'स्ट्रेंज एक्स्पीरियन्सेस' म्हणजे घडलेले प्रसंग, मोजायचे.

'द'साठी एकच चाचणी. मालक सांगितलाय का? न सांगता गुणाबद्दल बोलत असाल तर 'द' नाही: 'ऑनेस्टी इज द बेस्ट पॉलिसी', 'करेज इज रेअर'. पुढे 'ऑफ' घालून मालक सांगितला की 'द' आला: 'द करेज ऑफ द फोर मार्टर्स'. वर कंबरतलाव यांनी 'कुणाचा?' ही चाचणी दिली, तीच इथे पुन्हा उपयोगी पडते. आणि मालक 'हिज', 'हर', 'अवर' असा आधीच पुढे उभा असेल तर 'द' पुन्हा नको, 'द हिज करेज' होत नाही.

'अ'चं जरा विचित्र आहे. नॉलेज मोजता येत नाही, तरी 'अ गुड नॉलेज ऑफ इंग्लिश' बरोबर. पण 'अ गुड ॲडव्हाइस' आणि 'अ गुड प्रोग्रेस' चूक. याला सुटसुटीत नियम देता येत नाही, 'अ गुड नॉलेज ऑफ' हा तुकडा अख्खा शिकवा आणि पुढे चला.

होटगीरोड

एक बारीक मुद्दा, सोलापूरपुरताच.

वर्गात चार भाषा आहेत हे ओझं समजू नका. फळ्यावर फ्रेंडशिप लिहा आणि प्रत्येकाला घरचा शब्द विचारा. मराठी मैत्री, उर्दू दोस्ती, कन्नड गेळेतन. मग पॉव्हर्टी: गरिबी, कन्नडमध्ये बडतन. चाइल्डहूड: बालपण, हिंदी-उर्दूत बचपन, तेलुगूत चिन्नतनम्. गुडनेसला तेलुगूत मंचितनम्. ह्युमॅनिटीला माणुसकी आणि इन्सानियत. कन्नडचा 'तन' आणि तेलुगूचा 'तनम्' शेजारी शेजारी आले की मुलंच ओरडतात, हे तर 'पण'चं काम करतंय! प्रत्यय म्हणजे काय ते व्याख्येशिवाय कळतं, आणि कन्नड-तेलुगूवाली मुलं त्या दिवशी मागच्या बाकावर राहत नाहीत.

पण इथेच थांबलात तर नुकसान आहे. 'तन' म्हणजे 'नेस' असं समीकरण मुलं लगेच बांधतात, मग चाइल्डनेस आणि फ्रेंडनेस तयार. म्हणून त्याच फळ्यावर तिसरा रकाना काढा: मूळ शब्द माणूस आहे की गुण? माणसाला किंवा नात्याला हूड आणि शिप (चाइल्ड, मदर, नेबर यांना हूड, फ्रेंड, मेंबर, लीडर यांना शिप), गुणाला नेस किंवा इटी. माणसाला नेस लागत नाही एवढं ठसलं तरी पुरे. डमचे हातावर मोजण्याइतके: फ्री, वाइज, बोअर आणि मार्टर. मार्टर्डम आपल्या मुलांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही, हुतात्मा चौकातले चार पुतळे रोज दिसतात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी दिली. सॅक्रिफाइस, करेज, फ्रीडम, मार्टर्डम हे चारही शब्द एका परिच्छेदात बसतात.

कडकभाकरी

चौथी अडचण खरी कडक आहे, तिच्यावर बाकी सगळ्यांपेक्षा दुप्पट वेळ द्या.

नाउन फॉर्म वापरताना शब्द एकटा बदलत नाही, शेजारीपाजारी सगळे बदलतात. मुलं फक्त शब्द बदलतात आणि बाकीचं वाक्य तसंच ठेवतात, म्हणून ते मोडतं. बदल तीन जागी होतो.

कर्ता मालक होतो. 'ही सक्सीडेड' मधला 'ही' 'हिज सक्सेस' मध्ये 'हिज' होतो. नाव असेल तर अपॉस्ट्रॉफी एस.

क्रियाविशेषण विशेषण होतं. 'शी आन्सर्ड पोलाइटली'चं 'शी गेव्ह अ पोलाइट आन्सर'. किंवा क्रियापद तसंच ठेवून क्रियाविशेषणाचंच नाम करा, पुढे 'विथ' लावा: 'शी आन्सर्ड विथ पोलाइटनेस'. दुसरा रस्ता सोपा आहे, कमकुवत मुलांना तोच द्या. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर एक वाक्य घ्या, सोलापुरात १९१०ला जन्मलेले, १९३८मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले: 'ही सर्व्ह्ड द वुंडेड डिव्होटेडली' हे 'ही सर्व्ह्ड द वुंडेड विथ डिव्होशन' होतं. आता सर्व्हचंही नाम करायला सांगा: 'हिज डिव्होटेड सर्व्हिस टू द वुंडेड'. मध्ये 'टू' आला बघा. पहिल्या वाक्यात तो नव्हता.

तोच तिसरा आणि सगळ्यात जास्त गुण खाणारा बदल, शब्दयोगी अव्यय. क्रियापदाला कर्म थेट चिकटतं, नामाला चिकटत नाही, मध्ये सांधा लागतो. बहुतेक वेळा तो 'ऑफ' असतो: 'दे कंप्लीटेड द डॅम', 'द कंप्लीशन ऑफ द डॅम'. पण नेहमी नाही. रिस्पेक्ट फॉर, डिमांड फॉर, नीड फॉर. अटॅक ऑन, इफेक्ट ऑन, एम्फसिस ऑन. ओबीडियन्स टू, व्हिजिट टू, रिझेम्ब्लन्स टू. यांच्या क्रियापदांना मध्ये काही लागत नाही, म्हणून मुलगा नामालाही लावत नाही. उलटही होतं: 'डिस्कशन अबाउट' शिकला की तो 'डिस्कस अबाउट' लिहायला लागतो. डिस्कसला काहीच नको.

विशेषणाकडून आलेल्यांत सांधा बदलतो, पूर्वभाग यांचं 'प्राइड' त्यातलंच. प्राउड ऑफ, पण प्राइड इन. फाँड ऑफ, पण फाँडनेस फॉर. कॉन्फिडंट ऑफ, पण कॉन्फिडन्स इन. अफ्रेड ऑफ आणि फिअर ऑफ मात्र सारखेच, तसंच इग्नरंट ऑफ आणि इग्नरन्स ऑफ. म्हणून 'प्राउड-प्राइड' अशी जोडी पाठ करून उपयोग नाही, 'प्राउड ऑफ, प्राइड इन' अशी चौकडी पाठ करावी. वाक्य होईल 'ही टेक्स प्राइड इन हिज सिटी'.

त्या 'टेक्स'वरही लक्ष ठेवा. नाम आलं की त्याला चालवणारं क्रियापद शोधावं लागतं, आणि मुलं ते मराठीतून आणतात. प्रगती करणे, चूक करणे, म्हणून 'डू प्रोग्रेस', 'डू अ मिस्टेक'. दोन्ही मेक. लक्ष देणे म्हणून 'गिव्ह अटेन्शन', तिथे पे. निर्णय घेणेला 'टेक अ डिसिजन' सुदैवानं चालतं, मेकसुद्धा चालतं.

जोडवाक्यांचे साचे दोन पुरतात. 'दो ही इज पुअर, ही इज ऑनेस्ट'चं 'इन स्पाइट ऑफ हिज पॉव्हर्टी, ही इज ऑनेस्ट'. नंतर 'बट' घालायचा नाही. मराठीतलं 'तरी' तिथे डोकावतं. 'डिस्पाइट' वापरलं तर त्याच्यामागे 'ऑफ' नाही. दुसरा साचा, 'ही इज सो पुअर दॅट ही कॅनॉट बाय बुक्स'चं 'हिज पॉव्हर्टी प्रिव्हेंट्स हिम फ्रॉम बाइंग बुक्स'. फ्रॉमनंतर आयएनजी, 'फ्रॉम टू बाय' नव्हे. नकार प्रिव्हेंटमध्येच मुरलेला आहे, वेगळा 'नॉट' टाकला की अर्थ उलटतो.

पूर्वभाग

भरपूर मिळालं, सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या. 'स्विमिंग', 'रीडिंग' यांना ॲब्स्ट्रॅक्ट म्हणायचं का? आणि शब्दांचा आकडा कुणीच सांगितला नाही.

कंबरतलाव

स्विमिंग म्हणजे आपलं 'पोहणं', धातुसाधित नाम. क्रियेचं नाव आहे म्हणून अर्थानं भाववाचकच, पण इंग्रजी व्याकरण त्याला जेरंड म्हणून वेगळं बसवतं, कारण तो अर्धा क्रियापद असतो. 'रीडिंग बुक्स' मध्ये कर्म थेट चिकटलं, सांधा लागला नाही. जिथे कर्म थेट चिकटतं तिथे जेरंड लिहायला सांगा. बिल्डिंग, पेंटिंग हे मात्र कधी वस्तू असतात, पुन्हा वाक्य बघायचं.

कडकभाकरी

आकडा: साठ. वीस विशेषणांवरून, तीस क्रियापदांवरून, दहा माणसांवरून. वहीत चार रकाने: मूळ शब्द, नाम, त्याच्यामागे येणारा सांधा, आणि मुलानं स्वतः केलेलं एक वाक्य. रोज पाच, म्हणजे बारा दिवस. तेराव्या दिवशी फक्त मूळ शब्द उघडा ठेवा आणि बाकीचे रकाने झाकून विचारा. चुकलेले शब्द नव्या पानावर, बाकीचे सोडून द्या. दहावीला प्रिफिक्स-सफिक्स लावून नवा शब्द करा असं विचारतात, तिथे हे साठ शब्द निभावून नेतात.

क्रम विचारला होता: आधी चादर, मग पोटातलं नाम, मग शेवटांचे गट, मग सांधे. 'द' आणि अनेकवचन मध्ये मध्ये चुका निघतील तसं.

शेंगाचटणी

साठमध्ये 'बिझी' घेणार असाल तर जपून. नियमानं वाय जाऊन आय आला की 'बिझनेस' होतं, आणि ते धंद्यानं कधीच बळकावलंय. कामात असणं म्हणायचं तर वाय तसाच ठेवतात, बी-यू-एस-वाय-एन-ई-एस-एस. हॅपिनेस शिकवून झाल्यावर एखादं चौकस पोर हे विचारतंच.